पदवी घे, पण हजेरी लावून

पोरी, तुझा प्रश्न मला पाठ झालाय. दरवर्षी कुणी ना कुणी तोच घेऊन येतं. जीएनएम झालं, परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर मिळाला, परभणीत एखाद्या हॉस्पिटलच्या आयसीयूला लागलीस. हळूहळू हात बसला. दुसऱ्या कुणाला न सापडणारी व्हेन तुला सापडते, नाइटला डॉक्टर तुझंच नाव घेऊन हाक मारतात. आणि मग तुझ्या मागून आलेली बीएस्सीवाली मुलगी इन्चार्ज होते, ड्युटी लिस्ट ती लावते आणि तुला तिच्याकडं सुट्टी मागावी लागते. त्या दिवशी घरी जाताना मनात येतं, पोस्ट बेसिक करून टाकावं का? की दोन वर्षं पगार सोडून, घरच्यांचं ऐकून घेऊन पुन्हा वह्या-पुस्तकं काढण्यात अर्थ नाही?

कर. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना जिवाला घोर नको. पण कसं करायचं आणि कुठं करायचं, यावर मात्र आपण जरा सविस्तर बोलू. कारण याच कोर्सच्या नावाखाली नर्स मुलींना काय काय विकलं जातं, ते मी जवळून बघितलंय.

आधी कोर्स म्हणजे काय ते नीट समजून घे. पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, आपण ज्याला नुसतं ‘पीबी’ म्हणतो, तो जीएनएम झालेल्या रजिस्टर्ड नर्ससाठी दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावी झालेली हवी, जीएनएम हवं, परिषदेत नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंद हवी. बारावीनंतर थेट केलेली बीएस्सी चार वर्षांची असते. तुझी डिप्लोमाची वर्षं जमेस धरून तुला उरलेलं दोन वर्षांत पूर्ण करता येतं. हातात पडते ती विद्यापीठाची पदवीच. आपल्याकडं हे विद्यापीठ म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ साली ते निघालं आणि राज्यातली नर्सिंगची बहुतेक पदवी महाविद्यालयं त्याच्याशीच संलग्न आहेत. मुंबईचं एसएनडीटी हे वेगळं विद्यापीठ; त्याचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ पासून आहे. मुंबईला जायची तयारी असेल तर ते नाव आणि जे.जे. रुग्णालयाच्या आवारातली इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन, ही दोन्ही लक्षात ठेव. तिथं पीबीही होतं आणि पुढं एमएस्सीही.

डिप्लोमावाल्यांसाठी हा वेगळा दरवाजा का ठेवावा लागला, याची हकिगत जुनी आहे. काशीबाई गणपत नावाच्या बाई १८९१ मध्ये जे.जे.त नर्सिंग शिकायला आल्या. तिथं शिकायला आलेल्या पहिल्या भारतीय नर्स म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव असतं. त्या काळी आणि पुढंही कितीतरी वर्षं नर्स घडायची ती हॉस्पिटलच्या शाळेत. दिवसभर वॉर्ड सांभाळायचा, मधल्या वेळात तास, आणि शेवटी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट. विद्यापीठाचा संबंध नाही. देशात नर्सिंगची पदवी सुरू झाली ती १९४६ मध्ये, वेल्लोर आणि दिल्लीला. म्हणजे देशभरात हजारो नर्स अशा होत्या की काम उत्तम, अनुभव भरपूर, पण विद्यापीठाच्या लेखी त्यांचं शिक्षण धरलंच जात नव्हतं. त्यांच्यासाठी पोस्ट बेसिक आलं. म्हणून तुला सांगते, हा कोर्स करताना ‘आपण बीएस्सीला लागलो नाही म्हणून इकडं आलो’ असा कमीपणा मनात आणू नकोस. पलंगाजवळ आधी उभी राहिलेली नर्सच या वर्गात बसते, आणि शिकवणाऱ्याला अशी विद्यार्थिनी सगळ्यांत आवडते. मी आता शिकवते, म्हणून हे खात्रीनं सांगते.

आता पैशाचं. इथं कुणी तुला खोटी आशा लावत असेल तर त्याचं ऐकू नकोस. खासगी हॉस्पिटलात पीबी करून परत गेलीस की लगेच पगार दुप्पट होईल, असं काही नसतं. कित्येक ठिकाणी थोडीशी वाढ देतात आणि काम तेच. सरकारी भरतीत अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएम चालतं, बीएस्सीही चालतं, आणि वेतनश्रेणी दोघींना एकच: ३५,४०० ते १,१२,४००. मग पदवी कशाला, असं तू म्हणशील. तर ऐक. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला डिप्लोमावालीला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पदवीवालीला ती अट नाही. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर व्हायचं तर पदवी लागते. एमएस्सीचं दार पदवीशिवाय उघडतच नाही. उपकेंद्रावर, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जायचं तर बीएस्सी नर्सिंगवालीला सहा महिन्यांचा कोर्स करून जाता येतं. पद कंत्राटी आहे, पण गाव तुझ्या भरवशावर असतं. आणि सरकारी नोकरीत पुढं परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या चढताना किंवा शिकवण्याच्या बाजूला वळताना ही पदवी गाठीशी असलेली बरी.

पण मी तुला पीबी कर म्हणते ते एवढ्यासाठीच नाही. एक गोष्ट सांगते, मग तुला कळेल.

आपल्या भागात कापूस-सोयाबीनच्या हंगामात रात्री-बेरात्री कोण येतं, ते तुला वेगळं सांगायला नको. ‘सिस्टर, औषध घेतलंय हो.’ पालमकडचा, सोनपेठकडचा माणूस, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला त्या फवारणीच्या औषधाचा वास. पोट धुणं, कपडे काढून अंग धुणं, अ‍ॅट्रोपिन, पॅम. हे सगळं मी जीएनएमनंतर डोळे झाकून करत होते. ऑर्डर आली की डोस भरायचा, चार्टवर वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी माणूस शुद्धीवर येतो, बायकोला ओळखतो, पाणी मागतो. नातेवाईक हात जोडतात आणि आपणही सुटकेचा श्वास सोडतो.

पीबीच्या पहिल्या वर्षाला मेडिकल-सर्जिकलच्या पोस्टिंगला आमच्या मॅडमनी असाच एक पेशंट मला केस प्रेझेंटेशनला दिला. माणूस उठून बोलत होता. मॅडम पलंगाजवळ आल्या आणि म्हणाल्या, “दादा, हात न टेकता उशीवरून मान उचला बरं.” त्याला उचलता येईना. मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं, की या विषात पहिला जोर ओसरल्यावर एक ते चार दिवसांत मानेचे, खांद्याचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. पेशंट बरा दिसतो आणि बघता बघता श्वास अडतो. मान उचलता न येणं ही त्याची पहिली खूण. त्या संध्याकाळी डॉक्टरांना वेळेत कळवलं गेलं, व्हेंटिलेटर तयार ठेवला आणि रात्री तो लागलाच. माणूस पुढं आठवड्यानं चालत घरी गेला.

मान उचलून बघायला काही यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. पण ते बघायचं असतं, का बघायचं असतं आणि कोणत्या दिवशी बघायचं असतं, हे मला पलंगाजवळ कुणीतरी उभं राहून शिकवलं म्हणून आलं. तसंच झटके आलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका, मिनिटाला सोळा तरी श्वास आणि तासाला तीस मिलिलिटर लघवी हे तिन्ही का बघायचं. हे मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं, लघवी कमी म्हणजे ते रक्तात साठतंय; साठलं की आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावतो; म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं. डिप्लोमात मी हे तिन्ही पाठ केलं होतं. पीबीत ते एकमेकांशी कसं जोडलंय ते कळलं, आणि एकदा कळल्यावर मग कुणी ऑर्डर देवो न देवो, नजर आपोआप युरोबॅगकडं जाते.

आता मुख्य मुद्द्यावर येते. हे सगळं शिकायचं तर कॉलेजात जावं लागतं. आणि तुला फोन करणारा माणूस काय सांगतोय? “मॅडम, नॉन-अटेंडिंग आहे. नोकरी सोडायची गरज नाही. फक्त परीक्षेला यायचं. प्रॅक्टिकल, केस बुक सगळं आम्ही बघतो.”

नको गं. हात जोडून सांगते, नको.

मला माहीत आहे ते किती गोड वाटतं. पगार चालू राहतो, लेकरू घरीच राहतं, नवऱ्याचीही कुरकुर नाही, आणि दोन वर्षांनी नावापुढं बीएस्सी लागतं. माझ्या ओळखीतल्या मुलींनी असं केलंय. त्यांच्यावर मी रागावत नाही. घरची ओढाताण मी बघितलेली आहे. पण बघ, एक म्हणजे ते बेकायदा आहे. या कोर्सला वर्गाचे आणि वॉर्डातल्या पोस्टिंगचे तास ठरवून दिलेले आहेत, हजेरीची अट आहे. तुझ्या नावावर खोटी हजेरी लागते तेव्हा त्याच तारखांना तू हॉस्पिटलच्या मस्टरवरही सही केलेली असते. पुढं कुठल्या भरतीत कागदपत्रांची पडताळणी झाली आणि एकाच तारखेला तू दोन जागी हजर निघालीस, तर त्या कॉलेजचा माणूस तुझ्या मदतीला येणार नाही. नोकरी तुझी जाईल, नाव तुझं खराब होईल.

आणि दुसरं मला जास्त लागतं. पदवी आली की लोक तुला इन्चार्ज करतील, ट्यूटर करतील. नवीन मुलगी तुझ्याकडं बघून शिकेल. तुला जे कुणी दाखवलंच नाही ते तू तिला कुठून दाखवणार? आणि औषध घेतलेला तो माणूस तुमच्या दोघींच्या वॉर्डात असेल. नर्सिंगची पदवी ही कागदावरची बढती समजली जाऊ लागली, तर तिचा तोटा डॉक्टरला होत नाही, कॉलेजला होत नाही. तो पेशंटला होतो, आणि आपल्या जिल्ह्यातला पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ शकेल एवढा पैसेवाला नसतो.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, गेटवरची कमान बघू नकोस. आधी बघ की मुली क्लिनिकलला कुठं जातात. संलग्न हॉस्पिटलात खरोखर पेशंट आहेत का, दिवसा एकदा स्वतः वॉर्डात चक्कर मार. लेबर रूम चालू आहे का, लहान मुलांचा वॉर्ड भरलेला असतो का, मानसोपचाराच्या पोस्टिंगला कुठं पाठवतात. मग त्याच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कँटीनमध्ये गाठून विचार, “मॅडम वॉर्डात येतात का?” तिच्या चेहऱ्यावरूनच कळतं. परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ पासून सुरू झालंय, १०० जागांचं. वैद्यकीय महाविद्यालय आलं की विभाग वाढतात, तज्ज्ञ येतात, अवघड केसेस नांदेडला-संभाजीनगरला न जाता इथंच थांबायला लागतात. शिकणाऱ्या नर्ससाठी हे फार मोलाचं आहे. तू इथंच राहून शिकलीस किंवा इथंच नोकरी केलीस तरी हे जवळचं हॉस्पिटल तुझ्या डोळ्यांसमोर असू दे.

कागदाची खात्री तीन ठिकाणी करायची. विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत नाव आहे का, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत तो कोर्स त्या वर्षासाठी आहे का. ‘तो कोर्स’ आणि ‘त्या वर्षासाठी’, हे दोन्ही बघ. कॉलेजला बीएस्सीची मान्यता असते आणि पीबीची नसते, असंही होतं. एजंट तुला शेजारच्या राज्यातलं कॉलेज सुचवेल, कमी फी सांगेल. शेजारच्या राज्यात चांगली कॉलेजं नाहीत असं मी म्हणत नाही. पण भारतीय परिषदेच्या यादीत नसलेल्या संस्थेतून आलीस तर दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना अडून बसशील. आणि हेही ध्यानात ठेव, की २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झालाय, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. नियम बदलत राहतील. कुणाच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीचं सूचनापत्र स्वतः वाच. प्रवेशाचं वेळापत्रक राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येतं, तिथं लक्ष ठेव.

नोकरी अगदीच सोडता येत नसेल, तर एक सरळ वाट आहे. इग्नूचा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हा कोर्स नोकरीतल्या नर्ससाठीच आखलेला आहे. तीन वर्षांचा, नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव मागतात, प्रवेश परीक्षा असते. घरी अभ्यास करायचा असला तरी प्रॅक्टिकलच्या संपर्क सत्रांना हजर राहावंच लागतं. केंद्र कुठं मिळतं आणि त्या वर्षी प्रवेश निघालाय का, एवढं बघून घे. वेळ जास्त लागेल, पण खोटं काही नाही.

सरकारी नोकरीत असशील तर तुझं बरंच सोपं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. अर्ज वरिष्ठांमार्फत, ना हरकत प्रमाणपत्र आधी, आणि परत येऊन किती वर्षं सेवा द्यायची त्याचा बाँड नीट वाचून. आस्थापनेच्या बाबूंकडं आधीच जाऊन ये, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नको. तिथं फाइल कुठं अडते ते त्यांनाच ठाऊक असतं, आणि गोड बोलून विचारलं तर सांगतातही.

खासगीत असशील तर तुझी अडचण वेगळी. बऱ्याच मुलींचे ओरिजिनल कागद हॉस्पिटलात अडकलेले असतात. ‘बाँड आहे, कागद जमा करा’ असं लागताना सांगितलं आणि आपण दिले. माझ्याही बाबतीत एका ठिकाणी असंच झालं होतं. सोडायच्या वेळी दोन-दोन महिने चकरा मारायला लावल्या, एक्सपीरिअन्स लेटरसाठी वेगळ्या. म्हणून प्रवेशाची वाट न बघता आजच लेखी अर्ज देऊन कागद मागायला लाग, पोच घे, आणि यापुढं कुठंही ओरिजिनल ठेवू नकोस. अनुभवाचं पत्र घेताना त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वॉर्ड आणि हॉस्पिटलच्या खाटा लिहून घे. खाटांचा आकडा पुढं उपयोगी पडतो, ते मघाशी सांगितलंच. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शिक्षणात खंड पडलाय त्याचं प्रतिज्ञापत्र, ही सगळी तयारी उन्हाळ्याआधी उरकली तर निम्मी लढाई तिथंच जिंकलीस.

फीचं ऐकून घाबरू नकोस. ८ जुलै २०२४ ला शासनानं निर्णय काढला, की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या आधीपासून आहेतच. अर्ज महाडीबीटीवर. तुझ्या कॉलेजला, तुझ्या कोर्सला ही सवलत लागू आहे का, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घे, तोंडी नको, लेखी. फी गेली तरी होस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं, परीक्षेला प्रवास राहतोच. त्यासाठी वर्षभर आधीपासून पोस्टात आरडी लाव. रविवारी एखादी ड्युटी करून थोडं कमावता येतं, पण नाइट करून सकाळी क्लिनिकलला जायचं धाडस करू नकोस. झोपेत मोजलेला इन्सुलिनचा डोस तुला आयुष्यभर झोपू देणार नाही.

अप-डाउनचंही सांगते. परभणीहून नांदेडला गाडीनं तास-सव्वातासात पोचता येतं, म्हणून पुष्कळ मुली ठरवतात की घरूनच जाऊ. सुरुवातीला जमतं. पावसाळ्यात गाडी पूर्णेला खोळंबली, सकाळचं पोस्टिंग चुकलं, घरी येऊन स्वयंपाक, मग रात्री केअर प्लॅन लिहायचे. पहिल्या सहा महिन्यांत वजन उतरतं आणि दुसऱ्या सहा महिन्यांत मन. होस्टेलला राहता येत असेल तर राहा, निदान परीक्षेच्या आधीचे महिने.

घरचं कसं सांगायचं, हा तर तुझा खरा प्रश्न आहे ना? ‘आता शिकून काय करायलीस, लेकराचं बघ.’ हे मलाही ऐकावं लागलं आणि ते म्हणणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना पदवीचं नाव कळत नाही, हिशेब कळतो. तेव्हा भांडू नकोस, कागद-पेन्सिल घेऊन बस. दोन वर्षांत किती पगार बुडेल, फीची सवलत किती, मग कोणत्या भरतीला बसता येईल, तिथं पगार काय. नवऱ्याला एकदा कॉलेजात घेऊन जा, होस्टेल दाखव, मॅडमना भेटव. अंगावर पिणारं लेकरू असेल तर एक वर्ष थांब. कोर्सला वयाची घाई नाही, चाळिशीतल्या बायका माझ्या वर्गात बसतात आणि पहिल्या नंबरात येतात. पण लेकरू शाळेत जायला लागलं आणि तरीही ‘पुढच्या वर्षी बघू’ चाललंय, असं झालं तर मात्र ते पुढचं वर्ष कधी येत नाही. आणि लग्न ठरत असेल तर बोलणीच्या बैठकीतच सांगून टाक, हळदीनंतर नको. (आपल्या ब्रदर मंडळींना हा त्रास कमी, पण त्यांनाही घर चालवायचं असतंच. हिशेब त्यांनाही तोच.)

कोर्समध्ये गेल्यावर कोणते विषय जड जातात, तेही विचारतेस. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री आणि बायोफिजिक्स, बारावी कला शाखेतून आलेल्या मुली तिथं घाबरतात. मायक्रोबायोलॉजी मात्र तुला आवडेल, कारण ओटीत, ड्रेसिंगला जे रोज करत होतीस त्यामागचं सगळं तिथं आहे. दुसऱ्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. रिसर्चला मुली टाळतात, दुसरीचा प्रोजेक्ट उतरवून काढतात. तू तसं करू नकोस. आपल्या अवतीभवती विचारण्यासारखं इतकं आहे! दिवाळीनंतर गाव सोडून जाणाऱ्या ऊसतोडीच्या बाया गरोदरपणात तपासणीला कुठं जातात? जिंतूरकडच्या तांड्यावर लोहाच्या गोळ्या खरंच पोटात जातात की पत्र्याच्या डब्यात राहतात? औषध घेऊन वाचलेल्या शेतकऱ्याशी घरी गेल्यावर कुणी बोलतं का? दहा-वीस बायांना नीट विचारलंस तरी मीन, मीडियन, टक्केवारी आपसूक कळायला लागते, कारण ते आकडे मग तुझ्या ओळखीचे असतात.

हे शेवटचं विचारलं ते उगीच नाही. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी राज्यानं २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आणला, समुपदेशन आणि मानसोपचार गावापर्यंत न्यायला. त्यात काम करणारी माणसं लागतात, आणि मानसिक आरोग्य नर्सिंगकडं वळणाऱ्या मुली फार थोड्या. एमएस्सीला पाच शाखा आहेत: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. सगळ्यांचा ओढा पहिल्या दोन्हींकडं. तुला ज्या वॉर्डातून ड्युटी संपली तरी निघवत नाही, ती शाखा घे. पण परभणीचं कुणी मानसिक आरोग्य किंवा सामुदायिक घेतलं तर मला विशेष आनंद होईल, हे लपवत नाही. क्रिटिकल केअरची आवड असेल तर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी कोर्सही आहे, आयसीयूतच राहून शिकायचा.

एमएस्सीसाठी दोन गोष्टी पीबीला असतानाच सांभाळ. पदवीला एकूण ५५ टक्के लागतात, म्हणजे ‘पास झाले की बास’ असं पहिल्या वर्षीच म्हणायचं नाही. आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. बेसिक बीएस्सीवालीला तो पदवीनंतरच मिळवावा लागतो, तुझा मात्र पीबीच्या आधीचाही धरतात. तुझ्या नाइट ड्युट्यांची ही कमाई आहे, म्हणून ते अनुभवपत्र जपून ठेव.

परदेशाचंही मनात आहे ना? आपल्याकडं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणायची पद्धत आहे, आणि आता तर महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सही आहेत. तिकडं जायचं तर पदवीइतकीच जर्मन भाषा लागते, बी-२ पातळीची, आणि ती वर्षभर चिकाटीनं शिकावी लागते. सरकारी घोषणा वाचून कुणा एजंटाच्या हाती लाखभर रुपये ठेवू नकोस. आधी पदवी, सोबत भाषा, मग बघू.

पदवी हातात पडल्यावर एक काम मुली विसरतात. परिषदेत जास्तीची पात्रता म्हणून तिची नोंद करायची. विद्यापीठाचा कागद मिळाला म्हणजे रजिस्टरवर आपोआप चढत नाही. अर्ज वेगळा, फी वेगळी. तुझं मूळ रजिस्ट्रेशनही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं, त्यासाठी कार्यशाळांचे तास लागतात. दोन वर्षं कॉलेजात होतीस म्हणून मुदत उलटून गेली, असं व्हायला नको. भारतीय परिषदेच्या ट्रॅकिंग प्रणालीतला तुझा ओळख क्रमांकही त्याच वेळी अद्ययावत करून घे.

आता रजिस्ट्रेशनचं कार्ड काढ आणि त्यावरची नूतनीकरणाची तारीख मला वाचून दाखव. ती या वर्षातली असेल तर आधी ते उरकू, मग सीईटीचा फॉर्म. फॉर्म मोबाइलवर एकटी भरू नकोस, प्रवर्गाच्या रकान्यात गडबड होते. रविवारी दुपारी ये, सगळे कागद घेऊन, स्कॅन करायला फोटोही आण.